नगरचे इंजिन, कोलारचे आकाश

शिवाजीनगराहून कॅन्टोन्मेंट स्टेशनाच्या बाजूने जयमहल रस्त्याला लागले की भारतीय वैमानिकी संशोधनाचा बेंगळुरूतला पहिला पत्ता लागतो. जून १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, म्हणजे आजची एनएएल, मार्च १९६० मध्ये या शहरात आली. तिचे कार्यालय या रस्त्यावरच्या म्हैसूर महाराजांच्या राजवाड्याच्या तबेल्यांत थाटले गेले. डॉ. पी. नीलकंठन तिचे पहिले संचालक. पुढे जवळजवळ अर्धशतकाने याच प्रयोगशाळेने आणि महाराष्ट्रातल्या नगरच्या एका लष्करी संस्थेने मिळून एक छोटे इंजिन बनवले आणि ते कोलारच्या आकाशात उडवून दाखवले. ते रोटरी जातीचे, वँकेल इंजिन होते. अमेरिकेत असली इंजिने हौशी माणसे घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या विमानांना बसवतात. आपल्याकडे त्यासाठी तीन सरकारी प्रयोगशाळा आणि सैन्याची गरज लागली. तिकडे जे गॅरेजमध्ये झाले त्याला इकडे सरकार का लागले, याचे उत्तर माझ्या मते कौशल्याच्या उणिवेत सापडत नाही. ते बाजारात सापडते. इंजिनाचा गाभा जिथे तयार मिळतो तिथे हौस पुरते. जिथे तो मुळापासून घडवावा लागतो तिथे हौस कितीही असली तरी अपुरी पडते.

आधी इंजिन समजून घेऊ. मोटारसायकलीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे दांड्यामार्फत फिरणे केले जाते. वँकेल इंजिनात दट्ट्याच नाही. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात, आणि रोटर व भिंत यांच्यामधल्या तीन जागा आळीपाळीने लहान-मोठ्या होतात. त्यांतच इंधन-हवेचे मिश्रण ओढले जाते, दाबले जाते, पेटते आणि बाहेर टाकले जाते. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो, आणि दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. झडपा नाहीत, मागे-पुढे होणारे वजन नाही, त्यामुळे कंपन फार कमी. विमानाला याहून मोलाचा गुण म्हणजे वजनाच्या मानाने मिळणारी ताकद. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांची ज्यांना ‘रोटरी’ म्हणत ती नोमसारखी इंजिने वेगळी. त्यांत साधे दट्टेच असत, पण सिलिंडरांसकट सगळे इंजिन पंख्याबरोबर गरगरा फिरे.) अडचण एकच, पण मुळावरची. त्या तीन टोकांना बसवलेल्या पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, तापलेल्या भिंतीवरून न थांबता घासत जातात. त्या झिजल्या किंवा भिंतीला चरे पडले की दाब निसटतो आणि इंजिन निकामी होते.

जर्मनीत नेकार्सुल्म गावच्या एनएसयू कंपनीत फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्येच परवाना घेतला. साठच्या दशकाच्या अखेरीस तिचे इंजिन लॉकहीडच्या क्यू-स्टार नावाच्या, शत्रूला ऐकू जाऊ नये अशा आवाजात उडणाऱ्या प्रायोगिक विमानात बसवले गेले. म्हणजे विमानात रोटरी ही कल्पना रोटरीच्या मोटारीइतकीच जुनी. जपानमध्ये माझदा कंपनीचे केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी भिंतीवर पडणाऱ्या चऱ्यांशी झुंजत होते. त्या चऱ्यांना त्यांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटले. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी तो प्रश्न सुटला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९७३ च्या तेलटंचाईत जास्त इंधन खाणाऱ्या या इंजिनाला मोठा फटका बसला, बहुतेक कंपन्यांनी हात आखडता घेतला, पण माझदाने सोडले नाही. १९७८ पासून २००२ पर्यंत तिची आरएक्स-७ ही गाडी लाखांनी खपली, आणि १९९१ मध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत तिच्याच रोटरी गाडीने जिंकली.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या हाती रोटरी आली ती या लाखांच्या खपातून. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना काढली होती. विमानाचे अर्ध्याहून अधिक काम स्वतः शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केले असेल तर ते प्रायोगिक वर्गात नोंदवता येईल, असा अमेरिकी कायदा आहे. अशा विमानाचा सांगाडा माणूस स्वतः बांधतो, पण प्रमाणित विमान-इंजिनाची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. मग अपघातात गेलेल्या आरएक्स-७ चे १३बी इंजिन, दोन रोटरांचे, १,३०८ घनसेंटिमीटरचे, भंगारवाल्याकडून काही थोड्या पैशांत मिळते. ते मिनिटाला सहा हजारांच्या घरात फेऱ्या घेते आणि पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतात, म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी बसवावी लागते. या मंडळींच्या अनुभवाचा इतिहास पाहिला तर त्यांना घाम फोडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या होत्या: थंड करणारे रेडिएटर कुठे आणि किती मोठे लावायचे, अतितप्त धूर सोसेल असा सायलेन्सर कसा करायचा, इंधन आणि ठिणगीची यंत्रणा दुहेरी कशी ठेवायची. रोटर, भिंत आणि सील यांनी त्यांना क्वचितच दगा दिला. गाभ्याचे दुखणे जपानी कंपनीने आपल्या खर्चाने आधीच निस्तरले होते.

भारतात हौशी रचनेचे विमान बांधले गेले नाही असे नाही, आणि ते बांधले एनएएलनेच. बर्ट रुटान यांचे लाँग-ईझी हे विमान १९७९ मध्ये उडाले आणि त्याचे आराखडे कुणालाही विकत मिळत होते. फोमच्या ठोकळ्यांना तापलेल्या तारेने आकार द्यायचा आणि वर काचतंतूचे कापड रेझिनने चढवायचे, साचा लागत नाही, अशी ती रीत. लहान पंख पुढे, मोठे मागे, पंखा शेपटीकडे. एनएएलने याच आराखड्यावरून आपले एलसीआरए नावाचे विमान बांधले आणि ते २६ फेब्रुवारी १९८७ रोजी उडवले. प्रयोगशाळेला त्यातून संमिश्र द्रव्यांचे, म्हणजे कॉम्पोझिटचे काम हातात बसवायचे होते, आणि ते बसले. त्याच वाटेवर पुढे हंसा हे दोन आसनी प्रशिक्षण विमान नोव्हेंबर १९९३ मध्ये उडाले. अमेरिकेत लाँग-ईझीसारख्या मागे पंखा असलेल्या विमानांत रोटरी बसवण्याची हौस चांगलीच रुजली, पण एनएएलच्या विमानात नेहमीचे दट्ट्याचे अमेरिकी विमान-इंजिनच होते. हंसा-३ ला ऑस्ट्रियाचे रोटॅक्स लागले. सांगाड्याची विद्या आपण एका हौशी आराखड्यातून उचलली, इंजिनाची मात्र तशी उचलता आली नाही.

का, याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधण्यापेक्षा शिवाजीनगरच्या गुजरीत शोधलेले बरे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग हुडकायला बेंगळुरूकर पिढ्यान् पिढ्या इथे येतात. देशात जे विकले गेले तेच अशा बाजारात उतरणार. माझदाचे नाव भारतीय रस्त्यांवर आले ते पंजाबात बनलेल्या स्वराज माझदाच्या डिझेल मालगाड्या आणि बसगाड्यांवरून. रोटरी गाडी भारतात विक्रीला आलीच नाही. त्यामुळे ज्या हौशी कारागिराला तिकडे भंगारातून सुरुवात करता आली, त्याला इथे बिडाच्या ओतकामापासून नव्हे, तर त्याच्याही आधी, मिश्रधातूच्या संशोधनापासून सुरुवात करावी लागली असती. एखाद्याने परदेशातून एक इंजिन मागवले असते तर चालले नसते का, असा आक्षेप घेता येईल. चालले असते, एका विमानापुरते. पण अमेरिकी हौशींची ताकद एका इंजिनात नव्हती. बिघडले तर दुसरे, सुटा भाग, तो उघडून बसवणारा मेकॅनिक आणि त्याच वाटेने आधी गेलेली शेकडो माणसे, हे सगळे त्यांच्या मागे उभे होते. एका खोक्यातून आयात होते ते यंत्र. ही पाठराखण तशी येत नाही.

ही पाठराखण भारतात अखेर एकाच गिऱ्हाइकाने उभी केली, सैन्याने. १९८८ नंतर सैन्याला सीमेपलीकडे नजर ठेवणारे वैमानिकरहित विमान हवे होते, आणि ते बेंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्या संस्थेने निशांत नावाने घडवले. १९९५ मध्ये ते पहिल्यांदा उडाले. सुमारे ३८० किलो वजनाचे हे विमान धावपट्टीवाचून उडते. टाट्रा मालमोटारीवरच्या तिरप्या रुळावरून दाबाच्या जोरावर ते हवेत फेकले जाते, आणि परतताना हवाई छत्री व हवेच्या पिशव्यांवर उतरते. ते फेकणारी यंत्रणा पुण्याजवळ दिघीच्या लष्करी अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, ही नोंद मराठी वाचकाने करून ठेवावी. या जातीच्या विमानाला रोटरी का शोभते तेही उघड आहे. वजन कमी, कॅमेऱ्याला हादरे कमी, आकार छोटा. ब्रिटनमधल्या शेनस्टोन गावच्या यूएव्ही इंजिन्स कंपनीची एक रोटरची इंजिने इस्राएलचे हर्मिस ४५० आणि अमेरिकेचे शॅडो उडवत होती, आणि तिची मुळे नॉर्टन मोटारसायकलीच्या रोटरीपर्यंत जातात. निशांतही आयात इंजिनावरच उडत होते. पण मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने ज्या भारतीय संस्थांना माल देणे रोखले त्यांत एनएएल आणि एडीईही होत्या. जी वस्तू हवी तेव्हा मिळेल याची खात्री नाही तिच्यावर टेहळणीचे विमान अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही, हा धडा त्या वर्षांत या संस्थांच्या हाडीमाशी खिळला.

स्वदेशी वँकेलचे काम तिघांनी वाटून घेतले, आणि ती वाटणी फार बोलकी आहे. गाभा एनएएलकडे. ठिणगी, इंधन आणि इतर जोडयंत्रणा नगरच्या व्हीआरडीईकडे. फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आलेली ही संस्था लष्करी गाड्यांची. उड्डाण-चाचणी एडीईकडे. नगरची माणसे करत होती ते काम अमेरिकी हौशी आपल्या गॅरेजमध्ये करतो त्याच जातीचे, आणि वाहनांची जाणकारी विमानाच्या कामी लावण्याची ही रीतही तीच. फरक गाभ्याचा. तो भंगारातून येणार नव्हता, म्हणून त्याला राष्ट्रीय प्रयोगशाळा लागली. खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतकाम आणि रोटरच्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप, ही ती दोन कामे. लेपाचे काम जवळून पाहिले तर त्यातली मेख कळते. निकेलच्या विद्रावणात सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवतात आणि विजेच्या प्रवाहाने निकेल भिंतीवर चढताना त्या कणांना आपल्यात कवटाळून घेते. निकेल चिवट, कण कठीण. दोघे मिळून सीलचे घासणे सोसतात. पण विजेने चढणारा थर सगळीकडे सारखा बसत नाही, आणि पोकळी तर धड गोलही नाही. म्हणून लेप चढल्यावर ती वाकडी भिंत पुन्हा घासून नेमक्या मापाला आणावी लागते. सिलिंडर गोल असतो, तो घासायची यंत्रे कुठेही मिळतात. याची तशी मिळत नाहीत. यामामोतोंच्या माणसांनी ज्या ओरखड्यांशी झुंज दिली, तीच झुंज बेंगळुरूत आपल्या साधनांनी पुन्हा द्यावी लागली.

५ एप्रिल २००९, रविवारची सकाळ. बेंगळुरूच्या पूर्वेला कोलारजवळ दुसऱ्या महायुद्धातली एक पडीक धावपट्टी आहे. तिथून निशांत नव्या इंजिनानिशी सुटले. जमिनीवर दीर्घकाळ चालवून पाहिल्यावर प्रमाणन संस्थेने या पहिल्या नमुन्याला तात्पुरती परवानगी दिली होती. इंजिन सुमारे तीस किलोचे, ताकद ५५ अश्वशक्तीच्या वर्गातली. अधिकृत निवेदनानुसार विमान १.८ किलोमीटर उंचीवर विनासायास चढले, पस्तीस मिनिटे स्थिर उडाले आणि एकूण चाळीस मिनिटांनी एका कोरड्या तळ्यात ठरल्या जागी सुखरूप उतरले. चाळीस मिनिटे म्हणजे निशांतच्या साडेचार तासांच्या क्षमतेपुढे थोडीच, हे खरे. पण पहिल्या उड्डाणाचा प्रश्न वेगळा असतो. फेकल्या क्षणी विमानाला एकदम पूर्ण जोर लागतो, आणि रुळावरून सुटल्यावर इंजिन अडखळले तर दुसरी संधी नसते. तेवढ्यासाठी ही चाळीस मिनिटे मोलाची.

यापुढची हकीकत सुखाची नाही आणि ती झाकण्यात अर्थ नाही. सैन्याने २००५ मध्ये बारा निशांतांची मागणी नोंदवली होती. प्रत्यक्षात चार सेवेत आली, आणि २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत चारही पडली. सैन्याने पुढची मागणी थांबवली. दोष यंत्राचा की हाताळणीचा, यावर बनवणारे आणि वापरणारे यांचे एकमत झाले नाही. यावरून कुणी म्हणेल की गिऱ्हाईक गेले, तर इंजिन घडवण्याचा खर्च पाण्यात गेला. मला हा हिशोब चुकीचा वाटतो. निशांतची एक उघड उणीव त्याच्या फेकण्या-उतरण्याच्या रीतीत होती. छत्रीने उतरणारे विमान वाऱ्यावर अवलंबून राहते आणि दर उतरणीला आदळते, आणि चाकांवर उतरणारी पंछी नावाची आवृत्ती एडीईने केली ती याचसाठी. ओतकाम, लेप आणि घासणीची विद्या या विमानाबरोबर पडत नाही. फक्त एकच गिऱ्हाईक असल्याची किंमत मात्र या प्रसंगात उघडी पडली. माझदाची एक गाडी फसली तर दुसरी होती. इथे निशांत थांबले तेव्हा इंजिनापुढे वर्षानुवर्षे दुसरे विमान नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोटरी इंधन जास्त खाते, धूर अतितप्त सोडते, मोटारींतही माझदाने २०१२ मध्ये आरएक्स-८ थांबवली. मग मावळत्या तंत्रावर शक्ती का घालवावी? मोटारीच्या बाबतीत हा आक्षेप मान्य करायला हवा. सपाट, लांबट ज्वलनकक्षाची भिंत मोठी, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते आणि इंधन वाया जाते. हा दोष रचनेतच आहे. पण मोटार शहरात थांबत-चालत कमी भारावर चालते, आणि तिथे रोटरी सर्वांत वाईट वागते. विमानाचे इंजिन तासन् तास एका वेगावर, मोठ्या भारावर चालते. तिथे हा तोटा घटतो, आणि वाचलेल्या वजनाचे तेवढे इंधन जास्त नेता येते. शिवाय थंडावा कमी झाला तर दट्ट्याचे इंजिन जखडून थांबते. रोटरी पुष्कळदा जोर गमावत का होईना पण चालत राहते, आणि विमान जमिनीपर्यंत आणते. घरी विमान बांधणारे रोटरीला चिकटून राहिले ते याही कारणाने, आणि टेहळणी विमाने घडवणारेही.

काळाने याला दुजोरा दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये एनएएलने आपल्या घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणाऱ्या वैमानिकरहित विमानाची माहिती जाहीर केली. सुमारे १२० किलोचे हे विमान २५ किलो स्फोटके नेऊन हजार किलोमीटरपर्यंत जाईल, असे प्रयोगशाळेने सांगितले. त्यात एनएएलचेच ३० अश्वशक्तीचे वँकेल आहे. संचालक डॉ. अभय पाशिलकर यांच्या काळातले हे काम. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच जातीच्या, १५० किलो वर्गातल्या विमानासाठी एनएएलने नागपूरच्या सोलर डिफेन्स अँड एरोस्पेस या खासगी कंपनीशी हातमिळवणी केली. नगरहून सुरू झालेली ही वाट सोळा वर्षांनी पुन्हा महाराष्ट्रात, पण या वेळी एका कारखान्यात पोचते आहे. कारखाना म्हणजे संख्या, आणि संख्या म्हणजे सुटे भाग, मेकॅनिक, घसरती किंमत. तिकडच्या हौशींच्या मागे जे उभे होते त्याची ही पहिली वीट.

घरी विमान बांधणारा माणूस आपल्याकडे आहेच. मुंबईच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले. २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते २०२० च्या ऑगस्टमध्ये उडाले. बांधणाऱ्याची चिकाटी इथे कमी पडली नाही. नियमांनी वर्षे खाल्ली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने व्यक्तीला प्रायोगिक विमान नोंदवण्याची वाट सरळ, लेखी आणि कायमची करावी. एनएएल आणि व्हीआरडीई यांनी आता एक काम अंगावर घ्यावे. वँकेलची खुबी अशी की त्याच दांड्यावर दुसरा रोटर चढवता येतो. ५५ अश्वशक्तीच्या दोन रोटरांचे इंजिन ११० च्या आसपास जाईल, आणि हंसाला साधारण तेवढेच लागते. ते प्रमाणित करून लहान विमानांच्या बांधणाऱ्यांना, कारखानदारांना आणि हौशींनाही, विकत मिळू द्यावे. संशोधनाचा गाभा तयार आहे, नागपुरात बनवणारे हात तयार होत आहेत, आणि हंसाच्या नव्या आवृत्तीतही आजवर ऑस्ट्रियाचेच इंजिन आहे.